सहीआधीची तालीम

जगात धंदे विकत घेणारे पुष्कळ आहेत आणि विकणारेही पुष्कळ आहेत. पण विकणाऱ्याला खऱ्या सहीच्या आधी एकदा खोटं खोटं विकून बघायला लावणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला, आणि घडवून झाल्यावर त्याला झाशीच्या सीपरी बाजारात, शाळेच्या गणवेशांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. हे माझं ठाम मत आहे. मुंबईत दोन वर्षं काढून, काचेच्या इमारतींतले मोठमोठे बँकर जवळून बघून मी ते बनवलेलं आहे, त्यामुळे ते बदलण्याची शक्यता नाही. या माणसाला मी काका म्हणते. ते माझे सख्खे, चुलत, मावस असे कुठलेच काका लागत नाहीत. माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला म्हणून महाराष्ट्रातून इकडे आलेले, आणि काकांचं घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. गणपतीच्या आरतीला दोघं शेजारी उभे राहायचे, एवढाच काय तो संबंध. पण झाशीत मराठी माणसं इतकी थोडी की आरतीला शेजारी उभा राहिलेला माणूस काका व्हायला तेवढं पुरतं.

कॉलेजात उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे निकाल लागले तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलामुलींना मुंबई मिळाली, गुडगाव मिळालं, एकीला तर सिंगापूर मिळालं. मला झाशी मिळाली, आणि तीही बाबांच्या वशिल्याने. काकांची ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग फर्म’ म्हणजे काका, दोन टेबलं, एक कूलर आणि दर उन्हाळ्यात येणारे दोन विद्यार्थी. काम मात्र खरंखुरं होतं. आसपासच्या कारखानदारांना भागीदार शोधून द्यायचा, भांडवल उभं करून द्यायचं, आणि कोणी थकला असेल तर त्याला चांगलं गिऱ्हाईक बघून अख्खा धंदा विकून द्यायचा. खाली पाटी होती, ‘मर्चंट बँकर’. त्यातला पहिला शब्द कोणी वाचत नसे. आठवड्यातून एखादी म्हातारी पासबुक घेऊन तिन्ही मजले चढून यायची आणि म्हणायची, “भैया, ज़रा एन्ट्री कर दो.” काका तिला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, आणि कोट नीट करून स्वतः तिच्याबरोबर खाली उतरून कोपऱ्यावरच्या खऱ्या बँकेत तिला रांगेत उभं करून यायचे. मी एकदा म्हटलं, काका, पाटी बदला. तर म्हणाले, “का? बाईंचा विश्वास बसलाय ना पाटीवर? मग पाटी बरोबर आहे.”

कोटाचं आलं म्हणून सांगते. झाशीचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना कोटाचं महत्त्व कळणार नाही. दुपारी सीपरी बाजारातले रिक्षावाले तोंडाला गमछा बांधून सावली शोधत असतात, दुकानदार अर्धं शटर ओढून आत आडवे झालेले असतात, आणि त्या वेळी काका काळा कोट, निळा टाय, पॉलिश केलेले बूट अशा थाटात रस्त्याच्या मधून चाललेले असतात. घाम नाही. काकू म्हणायच्या, “घामालाही यांची भीती वाटते.” ऑफिसात कूलर दिवसभर घरघरत असायचा, पण समोरच्या दोन पक्षांत किमतीचं बोलणं सुरू झालं की काका उठायचे आणि कूलर बंद करायचे. “गारव्यात माणूस लांबण लावतो,” ते म्हणायचे. “ज्याला लवकर उठावंसं वाटतं तो खरा आकडा बोलतो.” ग्वाल्हेरच्या एका बिस्किटवाल्याने सकाळभर किंमत सांगायचं टाळलं होतं. कूलर बंद झाल्यावर पाच मिनिटांत त्याच्या तोंडून किंमत आली, आणि पाठोपाठ, “साहब, पंखा तो चला दो.” मी त्यांना विचारलं होतं, की ज्याला बसवूनच घ्यायचंय अशा माणसाचं काय करायचं? काका म्हणाले, “त्याच्यासाठी कूलर चालू ठेवायचा. पण धंद्यात तसा कोणी अजून भेटला नाही मला.”

त्यांचा दुसरा नियम जिन्याचा. आमच्या ऑफिसचा जिना इतका उभा होता की वरून खाली बघितलं तर पायऱ्या दिसायच्या नाहीत, फक्त खालच्या माणसाचं टक्कल दिसायचं. एखाद्या कंपनीचा अभ्यास करून मी सादरीकरण तयार केलं की काका म्हणायचे, “लॅपटॉप राहू दे. चल, खाली जाऊ आणि वर येता येता सांग.” पहिल्या मजल्यापर्यंत माझ्या तोंडात ‘दीर्घकालीन धोरणात्मक संधी’ वगैरे असायच्या. दुसऱ्या मजल्यावर त्यातलं ‘दीर्घकालीन’ गळायचं. तिसऱ्या मजल्याच्या दारात उभी राहून धापा टाकत मी म्हणायची, “माल चांगला आहे, पोरं भांडतात.” “हां,” काका म्हणायचे, “हे लिहून काढ. बाकीचं कॉलेजात दाखव.” माझं मराठीही त्या जिन्यावरच जरा सुधारलं. त्यांच्या घरात अजून पाणी फुलपात्रातून देतात आणि न्याहारीला न्याहारीच म्हणतात. मी ‘नाश्ता करून आले’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखा भाव यायचा. पण धापा टाकणारा माणूस हिंदी घुसडत नाही, त्याला तेवढी सवड नसते.

तिसरा नियम सांगायला जरा संकोच वाटतो. कुठलाही कारखाना बघायला गेलं की काका मालकाच्या केबिनमध्ये जायच्या आधी कामगारांचा संडास बघायचे. म्हणजे ते बघायचे नाहीत, विद्यार्थ्याला बघायला पाठवायचे. “ताळेबंद सनदी लेखापालाने लिहिलेला असतो,” ते म्हणायचे, “हा मालकाने स्वतः लिहिलेला असतो.” माझ्याबरोबर त्या उन्हाळ्यात कानपूरचा एक मुलगा होता, फार हुशार, इस्त्रीच्या शर्टाचा. पहिल्याच आठवड्यात एका खडी-क्रशरवर ही कामगिरी त्याच्याकडे आली. तो आत गेला, बाहेर आला, आणि तिथूनच रिक्षा पकडून स्टेशनवर गेला. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. “निर्णय घेतला पोराने,” म्हणाले. “आणि माहिती पुरेशी असताना घेतला.”

पण पोरं जातात याचं त्यांना वाईट वाटत नसे असं नाही. दर उन्हाळ्यात दोन विद्यार्थी यायचे, दर पावसाळ्याआधी दोघेही जायचे, आणि पुढं मुंबईहून त्यांच्या बढत्यांचे निरोप यायचे. काका ते निरोप काकूंना वाचून दाखवायचे. त्यांचा मुलगा परदेशात स्थिरावलेला, त्याला या तिसऱ्या मजल्याशी काही कर्तव्य नव्हतं. दुसऱ्यांच्या धंद्याला वारस शोधून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खुर्चीवर बसायला कोणी नव्हतं, ही गोष्ट सीपरी बाजारातल्या सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. फक्त काकू एकदा मला म्हणाल्या, “दुसऱ्याचं घर लावून देणारा माणूस स्वतःचं उघडं टाकून झोपतो बघ.”

आता तालमीकडे येते, कारण काकांचा खरा विक्षिप्तपणा तोच. सही व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस मालकाने धंदा विकून टाकलाय असं समजून जगायचं, हा त्यांचा नियम. सकाळी किल्ल्या द्यायच्या, घरी जायचं, संध्याकाळी काम सुटल्याचा भोंगा होईपर्यंत परत यायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. त्याच्या खुर्चीवर आमच्या ऑफिसचा माणूस नवा मालक म्हणून बसणार, आणि मालकापाशी घरी काका बसणार. मालक दिवसभर थांबला तर सही. मध्येच परत आला तर सही पुढं ढकलायची, आणि पुन्हा तालीम. हे त्यांना सुचलं त्यालाही कारण होतं. काकांनी अगदी सुरुवातीला मानिक चौकातल्या एका कापडवाल्याचं दुकान उत्तम किमतीला विकून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो व्यापारी नेहमीच्या वेळेला किल्ल्या घेऊन दुकानात हजर. कुलूप नवं. त्याने समोरच्या पायरीवर बैठक मारली, आणि मग रोज येऊन तो तिथंच बसायला लागला. काका म्हणायचे, “मी त्याला किंमत बरोबर मिळवून दिली होती रे बाबा, सकाळ मिळवून द्यायची राहिली.” हे सांगताना ते हसायचे नाहीत.

माझ्या वाट्याला तालीम आली ती गरौठ्याची. झाशी जिल्ह्यातल्या या गरौठ्याला एक दाऊ होते. दाऊ म्हणजे तिकडचा मानाचा थोरला माणूस, सगळा तालुका त्यांना त्याच नावाने ओळखायचा. गव्हाच्या मळणीची यंत्रं म्हणजे थ्रेशर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा त्यांचा कारखाना. माल असा की आजोबांनी घेतलेलं यंत्र नातू चालवतोय. पण ग्राइंडिंगच्या धुळीने दाऊंच्या छातीत घर केलं होतं, डॉक्टरांनी कारखान्यात पाऊल ठेवू नका म्हणून बजावलं होतं, आणि एकुलती एक मुलगी स्वतःच डॉक्टर, लांब दक्षिणेत. इंदूरची एक कंपनी कारखाना घ्यायला तयार होती, कामगारांना ठेवूनही घेणार होती. व्यवहार झाला नाही तर दाऊ कारखाना बंद करणार, कामगार पांगणार; आणि आमच्याकडे त्या वर्षी हाच एक मोठा व्यवहार असल्यामुळे दिवाळीनंतर खालची पाटी उतरणार, हे काकांनी मला जिन्यात सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर उरलेलं वाक्य होतं, “हे जमलं पाहिजे.”

दाऊंची खुर्ची म्हणजे जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट. ती एका पाइपावर वेल्डिंग करून जमिनीत पक्की गाडलेली होती, आणि तिच्यावर बसलं की अख्खा कारखाना एका नजरेत यायचा. पहिल्या तालमीला दाऊंनी मोठ्या थाटात किल्ल्या माझ्या हातात दिल्या, काकांबरोबर जीपमध्ये बसले आणि गेले. मी सीटवर बसते न बसते तोच परत आले. मागून कोट सावरत काका. “हम तो जा देखबे आए ते,” दाऊ म्हणाले, “के बिन्नू ठीक से बैठीं के नईं.” बिन्नू म्हणजे मी, बुंदेलखंडात घरच्या पोरीला असं हाक मारतात. तालीम फसली. दुसऱ्या तालमीला दुपारपर्यंत सगळं शांत होतं. मग दारात दाऊ. “मोरो चश्मा इतै रै गओ.” चष्मा त्यांच्या कपाळावर होता. कारखान्याच्या जुन्या मिस्त्रीने तोंड फिरवून हसून घेतलं, मला मात्र हसता येईना, कारण दाऊ खरोखर आपला चष्मा शोधत होते, एकेका यंत्रावर हात ठेवून, सावकाश. तिसऱ्या तालमीला दाऊ आलेच नाहीत. त्यांच्या घरच्या बऊ, म्हणजे दाऊंच्या पत्नी, आल्या, पितळी लोटा भरून ताक घेऊन. मला ताक पाजलं, इकडं तिकडं नीट बघितलं, आणि जाताना हळूच म्हणाल्या, “हमें तो उनने पठाओ है के देख आओ, पर तुम कइयो न.” मी काकांना काहीच सांगितलं नाही. पण काका बऊंच्या साडीवर कारखान्याची धूळ बघून उठले. “जोडीतला एक आला म्हणजे आला,” म्हणाले. तालीम फसली.

इंदूरवाल्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारी होते. तिकडचा माणूस विचारत होता, सही कधी? काका शांतपणे म्हणाले, “मालिक अभी रिहर्सल में हैं.” पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं की एक तारीख आणखी देतो, त्यानंतर आम्ही दुसरा कारखाना बघू. मी काकांना म्हटलं, या खेपेला तालीम राहू द्या, सरळ सही करून घेऊ, दाऊ सही करायला तयार आहेत. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते, पण आवाज खाली आला होता. “सही हाताने होते, मुली. दाऊंचा हात तयार आहे. मला बाकीचे दाऊ हवेत.”

चौथ्या तालमीच्या दिवशी आभाळ भरून आलं. त्या दिवसांत अवकाळीचा एक सपाटा आला की खळ्यातला गहू गेलाच म्हणून समजायचं. दुपारी एक शेतकरी मोटारसायकल तशीच आडवी टाकून आत आला. “दाऊ काँ हैं?” मी म्हटलं, दाऊ घरी आहेत, मला सांगा. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमसे का कएँ, बिन्नू.” पण आभाळाकडे बघून त्याला सांगावंच लागलं. त्याच्या थ्रेशरच्या ड्रमचा दांडा तुटला होता, गहू सगळा उघड्यावर, अर्धी मळणी बाकी. मी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने कोपऱ्यातल्या एका नव्याकोऱ्या यंत्राकडे बघितलं. त्याचा ड्रम बसला असता, पण ते यंत्र दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं होतं, रंग होऊन न्यायला तयार. मिस्त्री काही बोलला नाही, कारण ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्या माणसाला काय करायचं ते सांगायचं नाही अशी त्या कारखान्याची रीत होती. फोन करायची मनाई होती. सगळं काम थांबलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला आणि म्हटलं, याचा ड्रम काढून त्यांना द्या, आणि त्या गिऱ्हाइकासाठी उद्यापासून नवा बनवायला घ्या, त्यांना मी सांगेन. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, पण मिस्त्री पाना घेऊन उठला.

गरौठ्यात बातमीला पाय लागतात, जीप लागत नाही. संध्याकाळी भोंगा झाल्यावर मी किल्ल्या घेऊन दाऊंच्या घरी गेले तेव्हा तिथं सगळं आधीच पोचलं होतं. अंगणात खाटेवर चौपड मांडलेली, एका बाजूला कोट-टाय घातलेले काका, दुसऱ्या बाजूला दाऊ, आणि कवड्या कोणीच टाकत नव्हतं. बऊंनी दारातच मला सांगितलं की बातमी आली तेव्हा दाऊंनी जोडे पायात घातले होते, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले होते, आणि तिथून परत येऊन बसले होते. काकांनी फक्त कवड्या त्यांच्या हातात दिल्या होत्या. दाऊंनी मला विचारलं, “कौन की मशीन में से दओ?” मी सांगितलं. त्यांनी हातातल्या कवड्या खाटेवर ठेवल्या. मग म्हणाले, “हम होते तो पैले दो गारी देते, फिर दे देते.” आणि थोड्या वेळाने, “तुमने गारी नईं दई?” मी म्हटलं, नाही दाऊ, शिवी नाही दिली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “सो सीख जैहो.” म्हणजे, तेही शिकशील. मग काकांकडे वळून म्हणाले, “कागद ले आइयो.” काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. घाम न येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना पाणी येतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

सही झाली. करारात एक कलम जास्तीचं घालावं लागलं: ‘ट्रॅक्टरची सीट वगळून’. इंदूरचे वकील दोनदा वाचून हे काय म्हणून विचारत होते. ती सीट आता दाऊंच्या अंगणात, कडुनिंबाखाली, जमिनीत गाडलेली आहे, आणि तिच्यावरून अख्खं अंगण एका नजरेत येतं. गरौठ्याहून परतताना गाडीत काकांनी विचारलं, “सीटवर बसून कसं वाटलं?” मी म्हटलं, टोचते. “टोचायलाच हवी,” म्हणाले. मला वाटलं होतं की विचारतील, इथंच राहतेस का म्हणून. त्यांनी विचारलं नाही. मुंबईच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा आई-बाबांबरोबर तेही स्टेशनवर आले, प्लॅटफॉर्मवर कोट घालून उभे राहिले. आईने डबा दिला, बाबांनी पाण्याची बाटली, आणि काकांनी सल्ला. “तिकडं जिने नसतात, लिफ्ट असते. जपून बोलत जा.”

मुंबईत मी बरीच नावाजले, हे मी सांगितलं नाही तरी बाबा कोणालाही सांगतील. मीटिंगमध्ये माझं बोलणं सगळ्यांत लवकर संपायचं आणि लोकांना ते बुद्धीचं लक्षण वाटायचं. एखादा व्यवहार ठरला की मी विचारायची, विकणारा दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जाणार? सगळे हसायचे. वरिष्ठ म्हणायचे, तो आपला प्रश्न नाही. दोन वर्षांनी काकांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी नाहीत, सरळ मुद्द्यावर. “मला ऑफिस द्यायचंय कोणालातरी. जिना आता माझं ऐकत नाही. तिकडं कोणी गिऱ्हाईक असेल तर बघ.” मी बघितलं. दोघातिघांशी बोलले. कोणाला तिसऱ्या मजल्यावरची दोन टेबलं नको होती, आणि तो कूलर तर मुळीच नको होता. हे काकांना कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत मी एका सकाळी ऑफिसला पोचले तर लिफ्ट बंद. जिना चढत गेले, मनातल्या मनात वाक्यं लावत. बाजार मंद आहे, छोट्या कंपन्यांना वाव कमी आहे, तुमच्या अनुभवाचं मोल मोठं आहे. वर पोचले तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. धापा टाकत मी फोन लावला आणि म्हटलं, “काका, मी येते.”

झाशीला आल्यावर सगळं रीतसर झालं. कागद तयार झाले, आणि काका म्हणाले, “आधी तालीम.” मी म्हटलं, तुम्हाला कशाला? म्हणाले, “मीच नियम मोडला तर गरौठ्याला कळेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ल्या दिल्या, टाय नीट केला आणि जिना उतरून गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. टेबलावर त्यांचा चष्मा राहिला होता. तो पाहून मी मनातल्या मनात हसले. दाऊंची युक्ती, म्हटलं, बारा वाजेपर्यंत येतील. बारा वाजले. जिन्यात पाय वाजले की मी ताठ बसायची. एकदा गणवेशवाल्याकडचा माणूस आला, एकदा पासबुकवाली बाई. तिला मी पाणी दिलं आणि बँकेत सोडून आले. परत आले तरी खोली रिकामीच. एक फाइल सापडेना, ती कुठं ठेवलीय हे फक्त त्यांना माहीत होतं. फाइल एवढी गरजेची नव्हती. मला ते यायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी विकणाऱ्याने परत येऊ नये म्हणून मी दाराकडे डोळे लावून बसायची, आणि आज विकणाऱ्याने यावं म्हणून मी जिन्याकडे कान लावून बसले होते. चार वाजता मी चष्मा उचलला आणि त्यांच्या घरी गेले.

काकूंनी दार उघडलं. “सकाळपासून बूट घालून बसलेत,” म्हणाल्या. “जेवले ते बूट घालून.” काका आतल्या खोलीत खुर्चीत, कोट-टाय घालून, समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. डोळ्यांवर दुसरा चष्मा. मी म्हटलं, “काका, हा चष्मा राहिला होता.” त्यांनी मान वळवली. “तो तिथलाच आहे, ऑफिसातला. तिथंच असू दे.” मी तशीच उभी राहिले. काकूंनी फुलपात्रात पाणी आणून दिलं, मी ते प्यायले, आणि तरी निघेना. काकांच्या सगळं लक्षात आलं असावं. ते म्हणाले, “विकणारा परत आला तर काय करायचं ते मी ठरवलं होतं. घेणाराच आला तर काय, हे नव्हतं ठरवलं.” मग जरा विचार करून, “जा तू. भोंगा वाजायचाय अजून.” आमच्या ऑफिसला भोंगा नाही. पण मी गेले.

सहा वाजता जिन्यात बुटांचा आवाज आला, सावकाश, मजल्यामजल्यावर थांबत. त्याबरोबर काकांचं पुटपुटणंही येत होतं. खालून वरपर्यंत ते काहीतरी सांगत येत होते, लांबलचक, बहुधा मला द्यायचा सगळा उपदेश, सगळ्या गिऱ्हाइकांच्या खोडी, काय सांभाळायचं, काय सोडायचं. शब्द मला नीट ऐकू येत नव्हते. दारात पोचले तेव्हा छाती वरखाली होत होती, एक हात चौकटीवर होता. आणि एवढं सगळं बोलून त्यांच्याकडे उरलं होतं ते इतकंच:

“उद्या येऊ का?”

मी म्हटलं, “या.”

ते समोरच्या खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या. मी कागद त्यांच्यापुढं ठेवले. सवयीने त्यांचा हात घरघरणाऱ्या कूलरच्या बटणाकडे गेला, मग माझ्याकडे बघून थांबला. मी उठले नाही, कूलर बंदही केला नाही. काकांनी हात मागे घेतला, कोटाचं बटण सोडलं, आणि पहिल्या पानापासून कागद वाचायला घेतले, अगदी सावकाश.